महिपतीदादाचा पाइप

आमच्या कारखान्यात महिपतीदादाइतका गप्प माणूस दुसरा नाही आणि त्याच्याइतका गर्विष्ठही नाही. तोंडानं बढाई मारणार नाही कधी. पण त्याच्या साच्यातून निघालेली मूर्ती कुणी उजेडात धरून साच्याच्या दोन भागांचा जोड शोधायला लागला, की हा लांब उभा राहून नुसता बघत राहतो. शोधणारा थकतो. मूर्ती परत फळीवर ठेवतो. मग दादा खाली मान घालून कामाला लागतो आणि त्या खाली घातलेल्या मानेत जो माज असतो तो मला इतक्या वर्षांत ओळखता यायला लागलाय.

मी नमिता. त्याच कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. लोक गणपतीसमोर हात जोडतात ते माझ्या डोळ्यांकडे बघून, असं मी त्याला चिडवायला म्हणते. त्यावर तो म्हणतो, डोळे लावायला आधी तोंड लागतं गो. एवढंच. साचा कुणी केला हे गिऱ्हाईक कधी विचारत नाही, हे त्याचं जुनं दुखणं आहे.

त्याचा जन्म खाडीपलीकडच्या मिठागरावरचा. बाप काळुराम मीठ ओढायचा. दादा तरुणपणी पेणला आला तो माती तुडवायला, आणि तुडवता तुडवता साच्यांकडे वळला. आधी प्लास्टरचे, मग रबराचे, मग फायबरचे. आता रामवाडीत त्याचं स्वतःचं घर आहे, पुढे पत्र्याची पडवी आहे आणि पडवीत त्याचं सामान. बायको पुतळी, तिचं माहेर रोह्याकडचं. माहेरची माणसं शिकलेली, एक जण मास्तर, एक जण कचेरीत. दादा त्यांच्याकडे गेला की कोपऱ्यातली खुर्ची धरून बसतो. ती माणसं वाईट नाहीत, पण गणपती झाले की मग तुम्ही काय करता हो, असं दर वर्षी न चुकता विचारतात.

आता एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. गणपतीची मूर्ती आतून पोकळ असते आणि आतून ती कशीही असते. बोटांचे ठसे, गोळे, काथ्याचे लोंबते धागे, सगळं तसंच सोडून देतात. आमचं सगळं कसब बाहेरून. मी ज्या डोळ्यांसाठी श्वास रोखून धरते त्या डोळ्यांच्या मागे नुसता काळोख आणि खरखरीत प्लास्टर. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नवीन मुलगी आली आणि मूर्ती आतून घासायला लागली की आम्हीच तिला हसतो. दादा तर म्हणायचाच, आत कोण बघतोय?

तर गेल्या साली गणपती गेल्यावर, कारखाना थंडावलेला असताना, निकेश गाडी घेऊन दादाच्या दारात आला. निकेश म्हणजे पुतळीच्या बहिणीचा मुलगा. राहतो निडीला, कामाला रोह्याजवळच्या एका कंपनीत, शिफ्टमध्ये. पोरगा गोड आहे पण गाडीचं वेड भारी. कुणाकडून तरी वापरलेली डिझेल गाडी घेतली होती, टर्बोवाली, आणि ती आणखी कशी पळेल हाच त्याला रात्रंदिवस ध्यास.

त्यानं बॉनेट उघडून आम्हाला सगळ्यांना उभं करून समजावलं. इंजिनाला हवा लागते. टर्बो म्हणजे आत एक भिंगरी, ती जीव खाऊन फिरते आणि हवा इंजिनात कोंबते. पण कंपनीनं दिलेली नळी हवा ओढते ती बॉनेटच्या आतली, तापलेली. तापलेली हवा विरळ असते. तेच पुढच्या जाळीपासून, बाहेरची थंड हवा घेतली, तर तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते आणि गाडीला ओढ येते. बाजारात असे पाइप मिळतात, पण त्याच्या गाडीला बसेल असा नाही. दोन वळणं हवीत, एक बॅटरीला चुकवायला आणि एक टर्बोच्या तोंडाशी. पुढच्या टोकाला एक डबा, त्यात फिल्टर.

मग म्हणाला, काका, तुम्ही एवढे फायबरचे साचे करता, तुम्हाला पाइप नाही जमणार?

दादाचा चेहरा मला अजून आठवतो. पुतळीच्या माहेरचं माणूस पहिल्यांदा त्याच्या दारात काहीतरी मागायला आलं होतं, आणि तेही गणपती नव्हे. त्यानं गाडीत डोकं घातलं आणि तारेचा तुकडा वाकवून वळणांचं माप घ्यायला लागला.

काम त्यानं आपल्या पद्धतीनंच केलं. दुसरी पद्धत त्याला येतच नाही. शाडूचा मनगटाएवढा जाड रोळ केला, तारेच्या मापानं दोन ठिकाणी वळवला, वाळवला, वर मेण फासलं आणि त्यावर फायबरची जाळी आणि रेझिन, थरावर थर. ऑक्टोबरच्या उन्हात तो दगडासारखा कडक झाला. मग दोन्ही तोंडांनी आतली माती कोरून काढायची. चमचा घातला, तार घातली, मग नळाखाली धरला. आधी राखाडी पाणी आलं, मग कमी राखाडी, मग जवळजवळ स्वच्छ. मधल्या भागात, दोन वळणांच्या मध्ये, हात काही पोचत नव्हता. मी चहा घेऊन गेले होते, म्हटलं, दादा, डोळ्याला लावून बघ तरी, पलीकडचं दिसतंय का. तो म्हणाला, दोन वळणांतून कसं दिसणार गो? आणि पाइप उन्हात ठेवून दिला.

बाहेरची बाजू मात्र बघायला हवी होती. आठवडाभर घासत होता. पुट्टी, घासणी, प्राइमर, परत घासणी. त्यावर रंग चढवला तो आमच्या गणपतीच्या शेल्याचा गडद लाल, वर चकाकी. शेवटी मला म्हणाला, कडेनं एक सोनेरी रेघ मारून दे. बॉनेटच्या आतल्या पाइपाला सोनेरी रेघ! मी खूप हसले, पण मारली. केसासारखी बारीक, दोन्ही वळणांवरून न तुटता. तो पाइप देवघरात ठेवला असता तरी शोभला असता.

बसवायला गाडी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात नेली, हैबतरावांच्या गॅरेजात. निकेशची गाडी नेहमी तिथंच असायची. पाइप बसवला कृष्णानं. हा कृष्णा निडीच्या वरच्या वाडीतला, कातकरी. आईबाप वर्षानुवर्षं वीटभट्टीवर जाणारे, हा आश्रमशाळेत शिकला आणि मग भट्टीवर गेलाच नाही, गॅरेजला चिकटला. लग्न झालं होतं, बायको राणी, एक लहान मुलगी. वाडीतला हा एकटाच असा, जो दिवाळीनंतर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन जात नसे. कितीतरी सकाळी निकेशच त्याला आपल्या मोटरसायकलवर अष्टमीला सोडायचा. दादा त्या दिवशी तिथं होता. त्यानं मला सांगितलं की कृष्णानं पाइप हातात घेतला तेव्हा आधी हात पुसले.

गाडी चालू झाली आणि टर्बोनं जी शिट्टी घातली म्हणता! निकेश नाचायचा बाकी होता. येणाऱ्याजाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवत होता, माझ्या काकांनी केलाय, असा मुंबईला पण मिळणार नाय. हैबतरावांनी खुर्ची पुसून दादाला बसायला दिली. दसऱ्याला रोह्याकडे गेला तर मास्तरांनी त्याला शेजारी बसवून थंड हवा आणि गरम हवा हे सगळं परत समजावून घेतलं. म्हणजे मास्तर ऐकत होते आणि दादा सांगत होता. कारखान्यात आमचे तर कान किटले. मान आता खाली नसायची. मला वाटलं, असू दे, उशिरा का होईना.

दिवाळीच्या आसपास निकेश सुकेळी खिंड चढत होता आणि गाडीनं एकदम जीव सोडला. शिट्टीच्या जागी खरखर, मागे काळा धूर, ओढ अजिबात नाही. टोचन लावून अष्टमीला आणली. निकेशनं दादाला फोन केला. दोष द्यायला नव्हे हं, नुसतं या, बघा, म्हणून. दादा गेला. पुढचं सगळं मला त्यानं नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, आणि मी ते जोडून सांगतेय.

टर्बो उघडला तर भिंगरीच्या पात्यांच्या कडा कुरतडलेल्या, जणू उंदरानं खाल्ल्या. आणि तोंडाशी तेलात मळलेली माती. फिल्टरच्या अलीकडे माती असली तर समजू शकतं, पण ही फिल्टरच्या पलीकडे. म्हणजे वाऱ्याबरोबर आली नाही, आत घातली गेली. हैबतरावांनी ती चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली आणि कृष्णाला हाक मारली.

गॅरेजात गिऱ्हाइकं होती, समोर टपरीवर माणसं होती. हैबतरावांचा आवाज मोठा. पाइप बसवताना जमिनीवर टाकला असशील, तोंड उघडं ठेवलं असशील, हात धुवून ये म्हणून किती वेळा सांगितलं तुला. असं बरंच. कुणीतरी मागून बोललं की वीटभट्टीची सवय, माती सुटायची नाही. लोक हसले. निकेश हसला नाही, पण त्यानं कृष्णाकडे बघितलंही नाही.

कृष्णा एवढंच म्हणाला, "मी तोंडाला फडका लावलावता शेठ."

ते कुणी ऐकलं नाही. दादानं ऐकलं. तोपर्यंत त्यानं मातीची एक खपली उचलून बोटांत चुरली होती. वरून काळी होती तेलानं, पण फुटली तेव्हा आतून पांढुरकी राखाडी निघाली, पिठासारखी मऊ. रोह्याला तसली माती नाही, भट्टीवरही नाही. शाडू. जन्मभर जी माती हातात घेतली ती अंधारात दिली तरी त्याला कळली असती. गाडीच्या उष्णतेनं पाइपातला चिकटलेला थर सुकला होता, सुटला होता, बरोबर फायबरचे खडबडीत धागे घेऊन सरळ भिंगरीवर गेला होता.

त्यानं बोटं पँटला पुसली आणि गप्प बसला.

कृष्णाला हैबतरावांनी तिथंच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. कृष्णा फार वेळ थांबला नाही. हात धुतले, चप्पल घातली आणि पुलाच्या दिशेनं गेला. आणि त्यानंतर हैबतराव दादाला म्हणाले, माफ करा काका, तुमच्या एवढ्या सुंदर कामाची या लोकांनी माती केली.

हे ऐकूनही दादा गप्प बसला. मला हे पचायला जड गेलं, अजूनही जातं.

मला लगेच काही कळलं नव्हतं. मी बघत होते ते एवढंच की दादा बिघडलाय. साचा भरताना मध्येच थांबायचा. आणि एक दिवस बघते तर मूर्तीच्या आत हात घालून आतून घासतोय. एक झाली, दुसरी घेतली. मालक ओरडले, काय चाललंय महिपती, पुढच्या मोसमाची मागणी यायला लागलीय आणि तू पोकळीला पॉलिश करतोयस? पोरी फिदीफिदी हसल्या. दादा ओल्या फडक्यानं आतली बाजू पुसत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. प्लास्टरची धूळ म्हणाला.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि हललेच नाही. मी एकदा मागे लागले की सोडत नाही, हे त्याला ठाऊक आहे. माती मळता मळता, माझ्याकडे न बघता, त्यानं सगळं सांगितलं.

मी खूप बोलले त्याला. वयानं मोठा आहे, पण बोलले. म्हटलं, तेव्हा तुझ्या जिभेला काय झालं होतं? एका माणसाचं काम गेलं तुझ्यासमोर, आणि तू पँटला बोटं पुसतोस?

तो म्हणाला, "निकेश सगल्यांना सांगत होता, काकांनी केलाय, काकांनी केलाय. तिथं लाज वाटली गो. आता त्या वाटलेल्या लाजेची लाज वाटतंय, जेवान जात नाय."

मी म्हटलं, मग जा आणि सांग. तो हो म्हणाला. आणि गेला नाही. या रविवारी पुतळीला बरं नाही, त्या रविवारी साचा ओला आहे. पुतळीला त्यानं काही सांगितलंच नव्हतं, कारण तिच्या माहेरी जाणार ते. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि कीव आली की जास्तच राग यायचा.

शेवटी त्याला हलवलं ते निकेशच्याच फोननं. गाडीला नवा टर्बो बसला होता, पाइप धुवून परत लावला होता, आणि त्याच्या कंपनीतल्या ऋत्विक नावाच्या मित्राला तसाच पाइप हवा होता. तसाच, लाल, सोनेरी रेघेसकट. दादानं फोन कानाला लावून नुसतं हं हं केलं. फोन ठेवला, माझ्याकडे आला आणि म्हणाला, उद्या रोह्याला येशील काय माझ्यासंग? एकटा गेलो तर परत फिरंन.

आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. वाटेत नागोठण्याला त्यानं विचारलं की आधी निकेशला सांगू का शेठला. मी म्हटलं, दोघांना एकदम, नाहीतर दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत तुला पळवाट सुचेल. निकेशला फोन करून गॅरेजवरच बोलावलं. अष्टमीला रिक्षातून उतरलो. मला वाटत होतं की आता हैबतरावांचा तो मोठा आवाज चढेल, टपरीवरची माणसं वळून बघतील, आणि या साठीच्या माणसाला सगळ्यांसमोर खाली बघावं लागेल. कुठंतरी वाटत होतं की ते व्हायलाच हवं.

दादानं उभ्याउभ्याच सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. माती माझी होती, पाइप मी नीट धुतला नव्हता, मला त्याच दिवशी कळलं होतं, कृष्णाचा काही दोष नाही. शेवटचं वाक्य त्यानं दोनदा म्हटलं.

हैबतराव हसले. मोठ्यांदा, मनापासून. म्हणाले, अहो काका, एवढ्यासाठी पेणवरून आलात? चालायचंच! कलाकार माणूस तुम्ही, गाड्यांचं थोडंच शिकलात. निकेशचे कान लाल झाले, पण तोही म्हणाला, तुम्ही काय मुद्दाम केलात काय काका, आणि आता पाइप धुतलाय, आता काय नाय त्यात. हैबतरावांनी तीच खुर्ची पुढे ओढली. टपरीवाल्याला खूण केली आणि चहा आला, कपबशीत, बिस्किटांसकट. बोलणं लगेच पुढच्या गणपतीवर गेलं, त्यांच्या घरची मूर्ती या साली दादाकडूनच घ्यायची म्हणून.

दादानं कप हातात धरला होता, पण पीत नव्हता. मध्येच म्हणाला, मग कृष्णाला बोलवाल ना?

हैबतराव म्हणाले, तो गेला की भट्टीवर. आता दुसरा माणूस ठेवलाय मी. पावसाळ्यात बघू. आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, तसा तो स्वच्छतेत थोडा कमीच होता हो, तुमच्या मनाला लावून घेऊ नका.

मी तिथं बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी बोलले. म्हटलं, शेठ, माती त्याची नव्हती असं आत्ताच सांगितलं ना? ते म्हणाले, ताई, तुम्ही चहा घ्या, गार होतोय. मी घेतला नाही. दादानं घेतला. सवयीनं घेतला असेल. मोठ्या माणसानं दिलेला कप खाली ठेवायचा कसा हे त्याला ठाऊक नाही, मिठागरावरच्या घरात ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

निकेशनं आम्हाला गाडीतून निडीला आणलं. वाडीवर जायचं हे दादानंच ठरवलं. गाडी शिट्टी घालत पळत होती. तिघांपैकी कुणी तिचं कौतुक केलं नाही. वाडीच्या चढाशी निकेशनं गाडी थांबवली आणि म्हणाला, मी इथंच थांबतो, तुम्ही या जाऊन. निकेश आणि कृष्णा एका गावचे, कितीतरी सकाळी एका मोटरसायकलवर बसणारे. आम्ही दोघंच चढ चढून वर गेलो.

वाडी निम्मी रिकामी होती. दारांना दोऱ्या बांधलेल्या. कृष्णाची आई जानी दारात सूप घेऊन बसली होती, शेतात वेचलेलं भात पाखडत. म्हातारी, वाकलेली, पण हात झरझर चालत होते. कृष्णा, राणी आणि मुलगी खोपोलीकडे भट्टीवर गेल्याचं तिनं सांगितलं. मुलगी रडत गेली, शाळा सुटली म्हणून. आम्ही कोण हे विचारायच्या आधी तिनं आम्हाला बसायला गोणपाट टाकलं.

दादा बसला नाही. तिच्यासमोर उकिडवा झाला आणि परत सगळं सांगितलं, पहिल्यापासून. टर्बो आणि पाइप तिला काय कळणार, पण माती हा शब्द तिला कळत होता. तो जिथंजिथं आला तिथं तिचं सूप थांबत होतं. त्यानं सांगितलं की माती माझी होती, तुझ्या पोराची नव्हती, मी तेव्हा बोललो नाय आणि आज शेठला सांगून आलो. त्यानं हात जोडले. ज्या हातांनी जोड जिरवतो ते हात, शाडूनं कायमचे भेगाळलेले.

मला वाटलं म्हातारी शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं,

"तुला लय ओरडला काय रं शेठ?"

दादाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

"नाय," तो म्हणाला. "चहा दिला."

"दिला?" जानी म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं, ते दिसत होतं. "मंग बरा झाला. कृष्णाला लय ओरडला होता, चार मानसांत. म्हंजे आता शेठचा राग गेला. भट्टीवर सांगावा धाडते, म्हनते ये रं बाला, शेठ आता ओरडत नाय."

आणि तिनं तो सांगावा कुणाबरोबर धाडायचा ते मोठ्यानं ठरवायला सुरुवात केली. परवा खोपोलीकडे कुणाचा तरी टेम्पो जाणार होता. दादा तसाच उकिडवा बसून होता, हात जोडलेलेच होते. खालून निकेशनं हॉर्न वाजवला. कृष्णाच्या जागी शेठनं दुसरा माणूस ठेवलाय हे सांगायला दादानं तोंड उघडलं, पण म्हातारी इतकी खुशीत होती की त्याला ते बोलता आलं नाही, आणि मलाही आलं नाही.